सर्वाधिकारी दाराबाहेर

लिनक्स वापरणाऱ्या गृहस्थाच्या वांट्यास कधीं ना कधीं दोन परस्परविरुद्ध तक्रारी येतात, आणि मजजवळ त्या दोन्ही जमा आहेत.

पहिली बरीच जुनी. संगणकाच्या व्यवस्थेसंबंधींची एक फाइल मला बदलावयाची होती. ती फाइल 'रूट'च्या, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकाऱ्याच्या मालकीची. माझ्या साध्या नांवानें ती वाचतां येई, परंतु तींत एक अक्षरहि फिरवितां येत नसे. म्हणून टर्मिनलच्या काळ्या चौकटींत 'सुडो' हा शब्द लिहून त्यापुढें माझ्या नेहमींच्या लेखनाच्या आज्ञावलीचें नांव घातलें, परवलीचा शब्द दिला, सुरेख खिडकी उघडली, काम उरकलें, आणि समाधानानें निजलों. सकाळीं यंत्र सुरू केलें. प्रवेशाची पाटी आली, शब्द दिला, पडदा क्षणभर काळा झाला, आणि पुन्हां तीच पाटी! शब्द चुकला असें यंत्र म्हणेना आणि आंतहि घेईना. पांच-सहा वेळां हाच खेळ झाल्यावर किल्ली हातांत असून स्वतःच्याच उंबऱ्यावर उभ्या राहिलेल्या माणसासारखी माझी स्थिति झाली.

दुसरी तक्रार त्यानंतर कांहीं वर्षांची. यंत्र नवें, प्रणालीची आवृत्तिहि नवी. डिस्कचे भाग पाडणाऱ्या एका आज्ञावलीची चित्रखूण दाबली. परवलीचा शब्द विचारला गेला, तो मीं बिनचूक दिला, आणि पुढें कांहींच झालें नाहीं. खिडकी नाहीं, कीं चूक दाखविणारा एखादा शब्द नाहीं. पुन्हां दाबली, पुन्हां तेंच. अखेर तीच आज्ञावली टर्मिनलमधून चालविली, तेव्हां एका ओळीचें उत्तर मिळालें कीं, पडदा उघडतां येत नाहीं. कोणाला? तर सर्वाधिकाऱ्याला! ज्याला या यंत्रांतील हवी ती फाइल पुसून टाकतां येते, त्याला एक खिडकी उघडतां येत नाहीं!

म्हणजे पहिल्या वेळीं खिडकी उघडली म्हणून नुकसान, आणि दुसऱ्या वेळीं ती उघडेना म्हणून खोळंबा. दोन्ही वेळां मला वाटलें तें असें कीं, आज्ञावली बिघडली आहे. ती बिघडली नव्हती. यंत्राच्या फाइलींवरची सत्ता आणि यंत्राच्या पडद्यावरची सत्ता या दोन निरनिराळ्या सत्ता आहेत; त्या निरनिराळ्या काळीं, निरनिराळ्या संस्थांत, निरनिराळ्या गरजांतून जन्मास आल्या, आणि त्यांचा रीतसर तह असा कधीं झालाच नाहीं. घरांतील संगणकावर त्या एकाच माणसाच्या हातीं येऊन पडल्या आहेत, म्हणून आपणांस त्या एकच वाटतात, इतकेंच. हा सारा घोटाळा समजून घ्यावयाचा तर पन्नासांहून अधिक वर्षें मागें जावें लागतें.

सन १९६९ मध्यें अमेरिकेंतील न्यू जर्सी प्रांतीं मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्सन व डेनिस रिची यांनीं युनिक्स या कार्यप्रणालीचा पाया घातला. यंत्र एक, वापरणारे अनेक, अशी तेव्हांची स्थिति. अर्थात् प्रत्येक फाइलीला मालक असावा, व एकाची फाइल दुसऱ्यानें बिघडवूं नये, अशी व्यवस्था करणें प्राप्तच होतें. वापरणाऱ्या प्रत्येकास एक क्रमांक मिळे. त्यांपैकीं शून्य क्रमांकाचा जो, त्याला कोणताहि नियम लागू नसे, तोच रूट. नोव्हेंबर १९७१ मध्यें युनिक्सची पहिली नियमपुस्तिका निघाली, तींत 'सु' ही दोन अक्षरी आज्ञा आढळते. ती द्यावी, सर्वाधिकाऱ्याचा परवलीचा शब्द सांगावा, आणि आपण सर्वाधिकारी व्हावें.

या काळाविषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. तेव्हां पडदा नव्हता. टंकलेखनयंत्रासारख्या खडखडणाऱ्या दूरमुद्रकापुढें बसावें, अक्षरें दाबावीं, आणि उत्तर कागदावर उमटावें, असा प्रकार होता. जो त्या यंत्रापुढें बसला त्याचा तो कागद. तेव्हां पडद्याचा मालक कोण, हा प्रश्न कोणाच्या स्वप्नींहि येण्याचें कारण नव्हतें, आणि रूटची सत्ता ठरविणाऱ्यांनीं त्याचा विचार केला नाहीं यांत त्यांचा कांहीं दोष नाहीं.

मात्र दुसरा एक प्रश्न त्यांनीं फार चतुराईनें सोडविला. परवलीचे शब्द ज्या फाइलींत ठेवावयाचे ती फाइल अर्थात् रूटच्या मालकीची. परंतु एखाद्यास स्वतःचा शब्द बदलावयाचा असेल तर? त्याला फाइलींत लिहितां येत नाहीं, आणि दर वेळीं सर्वाधिकाऱ्याच्या पायांशीं जाणें शक्य नाहीं. रिचीनें युक्ति काढली ती अशी: आज्ञावलीवर एक खूण करून ठेवावी, कीं ती कोणीहि चालविली तरी चालतांना तिला चालविणाराचा अधिकार न मिळतां तिच्या मालकाचा अधिकार मिळावा. मराठेशाहींतील मुतालिकीची पद्धत ज्यांस ठाऊक आहे त्यांस ही कल्पना अगदीं परकी वाटणार नाहीं. पदाधिकारी जागेवर नसतां त्याचा मुतालिक त्याच्या नांवानें कारभार चालवी, व त्यानें काढलेल्या कागदास मूळ धन्याच्या कागदाचें बळ येई. मुतालिक शहाणा व मितभाषी असला म्हणजे कारभार सुरळीत. तो लोभी किंवा भोळा असला म्हणजे धन्याचें नांव बुडालें. रिचीच्या या युक्तीसाठीं १९७३ मध्यें पेटंटचा अर्ज केला गेला, १९७९ मध्यें तें मिळालें, आणि पुढें तें सर्व जनतेस खुलें करण्यांत आलें. या उदारपणाचें फळ असें कीं, युनिक्सच्या वंशांतील बहुतेक प्रणालींत ती खूण शिरली, आणि तिच्यासोबत भोळ्या मुतालिकांचा धोकाहि शिरला.

हा धोका विद्वानांस दिसला नव्हता असें नाहीं. १९७५ मध्यें मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यापीठाच्या जेरोम सॉल्टझर व मायकेल श्रोडर यांनीं संगणकांतील माहितीच्या रक्षणावर एक निबंध लिहिला. प्रत्येक आज्ञावलीस तिच्या कामापुरताच अधिकार द्यावा, त्याहून रतिभर अधिक देऊं नये, हें तत्त्व त्यांत स्पष्ट मांडलें आहे. सॉल्टझरचें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें. तें पुढें पुन्हां यावयाचें आहे.

'सुडो'चा जन्म १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क प्रांतांतील बफेलो येथील सरकारी विद्यापीठाच्या संगणक विभागांत झाला. बॉब कॉगशॉल व क्लिफ स्पेन्सर हे त्याचे कर्ते. 'सु' मध्यें अडचण ही कीं, ज्याला एखादें किरकोळ काम करावयाचें त्यालाहि रूटचा परवलीचा शब्द सांगावा लागे. म्हणजे कोठीतून शेरभर धान्य काढण्यासाठीं सगळ्या वाड्याच्या किल्ल्या देण्यासारखें. सुडोनें एक यादी ठेवली: अमक्या माणसानें अमकी आज्ञा सर्वाधिकाऱ्याच्या नांवानें चालवावी. माणूस स्वतःचाच शब्द सांगतो. यादींत त्याचें नांव असेल तर काम होतें, नसेल तर त्याच्या उद्धटपणाची नोंद होते. मूळ कल्पना अशी काटकसरीची होती. आजच्या घरगुती लिनक्समध्यें त्या यादींत घरधन्याच्या नांवापुढें 'सर्व कांहीं' असेंच लिहिलेलें असतें, आणि यादी ठेवण्याचा हेतु तेथेंच संपतो, हा भाग निराळा.

येथवर झाली ती फाइलींवरील सत्तेची कथा. आतां पडद्याकडे वळूं.

सन १९८३ मध्यें मॅसॅच्युसेट्सच्या त्याच तंत्रविद्यापीठानें 'अथेना' नांवाची एक मोठी योजना हातीं घेतली. सर्व विद्यार्थ्यांस, विद्यापीठांत कोठेंहि बसले असतां, चित्रमय पडद्याच्या संगणकांवर काम करतां यावें असा तिचा उद्देश होता, आणि तिचे तांत्रिक संचालक होते तेच सॉल्टझर. १९८४ मध्यें याच विद्यापीठांत बॉब शाइफ्लर व जिम गेटिस यांच्या हातून 'एक्स' ही खिडक्यांची व्यवस्था आकारास आली. तिच्या आधींची 'डब्ल्यू' नांवाची एक व्यवस्था होती. इंग्रजी वर्णमालेंत त्यापुढचें अक्षर तें एक्स. नामकरणासाठीं यापलीकडे कांहीं विचार झालेला दिसत नाहीं. १९८७ मध्यें निघालेली तिची अकरावी आवृत्ति ही पुढें तीस वर्षें जवळजवळ प्रत्येक लिनक्स पडद्याच्या मागें उभी होती.

एक्सची रचना प्रथम ऐकणारास उलटी वाटते. सेवक म्हणून जी आज्ञावली, ती दूरच्या मोठ्या यंत्रांत नसून तुमच्या मेजावर, पडद्याशेजारीं असते. खिडकी मागणाऱ्या आज्ञावल्या हे तिचे आश्रित. ते याच यंत्रांत असोत, शेजारच्या इमारतींत असोत, नाहींतर समुद्रापलीकडे असोत. विद्यापीठाच्या दृष्टीनें ही मोठी सोय होती. परंतु तींतून एक नवाच प्रश्न उभा राहिला. तुमच्या पडद्यावर खिडकी मागणारी आज्ञावली दुसऱ्या कोणत्या तरी यंत्रावर चालत असेल, आणि तेथें ती सर्वाधिकाऱ्याच्या नांवानें चालत असेल, तर तुम्हांला त्याचें काय? तो तिकडचा सर्वाधिकारी. एका संस्थानाचा दिवाण दुसऱ्या संस्थानांत साधा पाहुणा असतो. म्हणून एक्सच्या दारावर जो पहारेकरी बसविला, तो येणाराची पदवी विचारीत नाहीं. आरंभीं तो येणारा कोणत्या यंत्रावरून आला एवढेंच पाही. पण एका यंत्रावर शेंकडों विद्यार्थी. त्यांतला कोणीहि खोडसाळ शिरूं शके. तेव्हां पुढें चिठ्ठीची पद्धत आली. तुम्ही प्रवेश केला कीं एकशें अठ्ठावीस बिटांची एक यदृच्छेनें निवडलेली संख्या तयार व्हावी, ती तुमच्या घरच्या फोल्डरांत 'एक्सऑथॉरिटी' नांवाच्या लपलेल्या फाइलींत ठेवावी, आणि जी आज्ञावली ती संख्या दाखवील तिलाच पडदा मिळावा. या चिठ्ठीला कर्त्यांनीं 'जादूची बिस्किट' अशा अर्थाचें नांव दिलें आहे. विद्यापीठांतील तरुण मंडळींचा विनोद, दुसरें काय.

आतां माझी दुसरी तक्रार पुन्हां वाचून पाहावी. रूटला कोणाचीहि फाइल वाचतां येते, तेव्हां ही चिठ्ठीहि त्याला वाचतां आली असती. त्याला ती नाकारलेली नव्हती. ती कोणाच्या घरच्या कोणत्या कोनाड्यांत आहे हेंच त्याला कोणी सांगितलेलें नव्हतें. तो आपला स्वतःच्या घरीं शोधतो, तेथें चिठ्ठी नसते, आणि रिकाम्या हातानें दाराशीं जातो. पहारेकरी आपलें काम चोख करतो. पडद्याचा पत्ता व चिठ्ठीची जागा हीं दोन्ही माझ्या सत्रांतील दोन नामांकित चलांत नोंदलेलीं असतात, आणि अधिकार बदलतांना सुरक्षिततेसाठीं अशीं चलें गाळून टाकण्याची या मध्यस्थ आज्ञावल्यांची पद्धत आहे. कोणतीं गाळावीं व कोणतीं राखावीं हें प्रत्येक वितरणकर्ता आपापल्या मतानें ठरवितो. म्हणून तीच आज्ञा एका यंत्रावर चालते आणि शेजारच्या यंत्रावर चालत नाहीं.

पहारेकरी इतका दक्ष, तेव्हां वाड्याच्या आंत सर्व सुरक्षित असेल असें कोणासहि वाटेल. खरा घात तेथेंच आहे. एक्सच्या दारांतून एकदां आंत आल्यावर पुढें एकहि भिंत नाहीं. कोणत्याहि आज्ञावलीनें दुसरीच्या खिडकींत काय टंकलें जात आहे तें ऐकावें, दुसरीच्या खिडकीचें चित्र घ्यावें, इतकेंच नव्हे तर दुसरीच्या खिडकींत स्वतः अक्षरें दाबावीं. कोठून तरी उतरवून घेतलेला एखादा खेळ आणि रूटच्या अधिकारानें उघडलेली खिडकी एकाच पडद्यावर असल्या कीं, त्या खेळाला रूट होण्यास फारसें अंतर उरत नाहीं. चिठ्ठीच्या भानगडीला कंटाळलेला मनुष्य 'एक्स-होस्ट' या आज्ञेपुढें नुसतें अधिकचें चिन्ह देऊन दार सताड उघडें टाकतो. खिडकी उघडते, तो खूष होतो, आणि त्यानें पहारेकऱ्यालाच घरीं पाठविलें आहे हें त्याच्या गांवींहि नसतें.

लिनक्सचा उगम १९९१ मध्यें हेलसिंकी येथील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याच्या हातून झाला, हें सर्वश्रुतच आहे. आपल्या विषयाला महत्त्व आहे तें त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांचें. १९९६ मध्यें केडीई व १९९७ मध्यें ग्नोम, असे पडदा सजविणारे दोन मोठे प्रकल्प निघाले, आणि विद्यापीठांतील यंत्रांची ही प्रणाली सामान्य माणसाच्या घरांत आली. घरांत पुढें बसणारा, यंत्राचा मालक आणि सर्वाधिकारी हे तिघे एकच. त्याला टर्मिनल नको होतें. चित्रखूण दाबावी, शब्द सांगावा, काम व्हावें. त्यासाठीं 'केडीई-सु' व 'जीके-सु' अशा आज्ञावल्या निघाल्या. त्या चिठ्ठीची नक्कल करून रूटच्या हातीं देत, त्याचें घर कोणतें तेंहि नीट सांगत, आणि मग त्याला पडद्याकडे धाडीत. २००४ च्या ऑक्टोबरांत उबुंटूची पहिली आवृत्ति आली. तींत रूटच्या नांवानें प्रवेशच बंद ठेवून सर्व कारभार सुडोमार्फत चालविला होता. त्या दिवसांत शिकवणारे बजावून सांगत कीं, खिडकीची आज्ञावली असेल तर जीके-सु वापरा, नुसता सुडो नको.

मीं तें ऐकलें नाहीं, आणि माझी पहिली तक्रार उद्भवली. माझ्या त्या वेळच्या प्रणालींत सुडो हा अधिकार रूटचा देई, परंतु घर माझेंच ठेवी. खिडकीची आज्ञावली उघडतांना आपल्या आवडीनिवडी, अलीकडे पाहिलेल्या फाइलींची यादी, चिठ्ठी, असें बरेंच कांहीं घरांत लिहून ठेवते. तिनें तें रूटच्या नांवानें माझ्या घरांत लिहिलें. माझी चिठ्ठीची फाइल रूटच्या मालकीची झाली. दुसऱ्या सकाळीं प्रवेश करतांना नवी चिठ्ठी लिहावयाची, तर ती फाइल आतां माझी नव्हती. पडदा उघडण्याचा प्रयत्न झाला, चिठ्ठी लिहितां येईना, आणि व्यवस्था निमूटपणें मला पुन्हां दारांत आणून सोडी.

परंतु जीके-सु वापरलें असतें तरी मूळ दोष राहिलाच असता. एक ओळ बदलण्यासाठीं आपण जी सुरेख खिडकी उघडतों, तिच्या पोटांत अक्षरांचे साचे वाचणारी, चित्रें उलगडणारी, नक्कल-चिकट सांभाळणारी अशी लाखों ओळींची सामग्री असते. या साऱ्या दिंडीला सर्वाधिकाऱ्याचा शिक्का देणें म्हणजे सॉल्टझर-श्रोडर यांच्या तत्त्वाच्या नेमकें उलट. ज्या जीटीके या सामग्रीवर ग्नोम उभें आहे, तिच्या कर्त्यांनीं तर रिचीची ती मुतालिकीची खूण असलेल्या आज्ञावलीस आमच्या खिडक्या मिळणारच नाहींत, असें ठरवून टाकलें होतें. वायरशार्क या जाळें तपासणाऱ्या आज्ञावलीचें उदाहरण येथें बोधक आहे. तारेवरून वाहणारी माहिती पकडण्यास विशेष अधिकार लागतो. पण पकडलेल्या माहितीचा अर्थ लावण्यास लागत नाहीं. म्हणून पकडण्याचें काम 'डंपकॅप' नांवाच्या एका लहानशा आज्ञावलीकडे आहे, अधिकार तिलाच द्यावयाचा, आणि अर्थ लावणारी अवाढव्य खिडकी साध्या माणसाच्या नांवानें चालावयाची.

हीच विभागणी सर्वत्र करावी या हेतूनें रेड हॅट कंपनीच्या डेव्हिड झॉयथेन यांनीं 'पॉलिसीकिट' ही व्यवस्था रचली. तिलाच पुढें पोलकिट म्हणूं लागले. खिडकी माझ्या नांवानें चालते. अधिकाराचें काम पडलें कीं ती पडद्यामागील एका कारकुनास अर्ज करते. कारकून पोलकिटास विचारतो. पोलकिट मला परवलीचा शब्द विचारतें. आणि तेवढें एकच काम होतें. कल्पना निर्दोष आहे. मात्र तिच्यासाठीं प्रत्येक आज्ञावली फोडून पुन्हां बांधावी लागते, आणि तेवढा वेळ सर्वांस कोठून असावा? म्हणून २००९ मध्यें 'पीके-एक्झेक' ही तडजोडीची आज्ञा आली. ती सबंध आज्ञावलीच रूटच्या नांवानें चालविते. पण पडद्याचा पत्ता व चिठ्ठीची जागा ती मुद्दामच गाळते. ज्या आज्ञावलीच्या कर्त्यानें 'हिला पडदा देण्यास हरकत नाहीं' असें धोरणाच्या फाइलींत लिहून ठेवलें असेल, तिलाच तीं दोन्ही मिळतात. लिहिलें नसेल तर आज्ञावली मुकाट्यानें मरते. शिवाय शब्द विचारणारा पोलकिटाचा एक प्रतिनिधि तुमच्या सत्रांत चालू असावा लागतो; हलक्या-फुलक्या पडद्यांच्या शौकिनांकडे तो बहुधा नसतो, आणि मग शब्द विचारलाच जात नाहीं.

इतक्यांत पडद्याचीच व्यवस्था बदलली. २००८ मध्यें क्रिस्टियान ह्योग्सबेर्ग यांनीं एक्सच्या जागीं 'वेलँड' या नव्या रचनेस आरंभ केला. तींत खिडक्यांच्या मध्यें भिंती आहेत. एकीनें दुसरीचें ऐकावयाचें नाहीं. नोव्हेंबर २०१६ मध्यें फेडोराच्या पंचविसाव्या आवृत्तींत, व ऑक्टोबर २०१७ मध्यें उबुंटूंत, वेलँड हीच मुख्य व्यवस्था झाली. तिच्यांत जुन्या आज्ञावल्यांसाठीं एक्सचा एक लहान वाडा ठेवला होता, परंतु त्याच्या पहारेकऱ्यास त्या वेळीं केवळ सत्राच्या धन्यासच आंत घेण्याची ताकीद होती. डिस्कचे भाग पाडणारी जीपार्टेड व पॅकेजें बसविणारी सिनॅप्टिक या वर्षानुवर्षें रूटच्या नांवानें चालणाऱ्या आज्ञावल्या एकाएकीं उघडेनाशा झाल्या. त्याच सुमारास, २०१७ मध्यें, केडीईच्या केट व डॉल्फिन यांनीं सुडोनें चालविल्यास चालण्यासच नकार दिला. २०१८ मध्यें उबुंटूनें जीके-सु काढून टाकलें. मात्र उबुंटूची २०१८ च्या एप्रिलमधील आवृत्ति पुन्हां एक्सवर परतली, आणि वेलँडचा मुख्य आसनावरचा हक्क तेथें २०२१ मध्यें पुनः प्रस्थापित झाला.

या प्रकरणीं वापरणाऱ्यांचा जो संताप झाला त्यास केवळ अडाण्यांची आरडाओरड म्हणून उडवून लावणें मला पटत नाहीं. यंत्र माझें, डिस्क माझी, परवलीचा शब्द मीं बरोबर दिला. मग मला अडविणारे तुम्ही कोण, हा प्रश्न रास्त आहे. तत्त्वदृष्ट्या कर्त्यांचा निर्णय बरोबर होता, व तीस वर्षें लांबला होता, असेंच मी म्हणेन. परंतु न्यायाधीशानें निकाल द्यावा आणि कारण सांगूं नये, तसें झालें. चित्रखूण दाबावी आणि कांहींच होऊं नये, यापरता अपमान नाहीं. 'हें काम आतां या मार्गानें होणार नाहीं, त्या मार्गानें करा,' एवढी एक ओळ पडद्यावर उमटली असती, तर हजारों लोकांनीं पहारेकऱ्यास घरीं पाठविण्याचे अघोरी उपाय केले नसते. डॉल्फिनच्या कर्त्यांनीं दुसऱ्याच वर्षीं आपला नियम थोडा सैल केला, यावरूनहि तक्रारींत तथ्य होतें हें दिसतें.

म्हणून ज्याच्यावर हा प्रसंग येईल त्यानें प्रथम चित्रखूण सोडून तीच आज्ञावली टर्मिनलमधून चालवावी व तेथें उमटलेली ओळ शांतपणें वाचावी. पडदा उघडतां येत नाहीं असें ती म्हणत असेल तर पत्ता हरवला आहे. पत्ता सांपडला पण परवानगीचा कागद नाहीं असें म्हणत असेल तर चिठ्ठी हरवली आहे. आणि रूटच्या नांवानें चालणार नाहीं असें आज्ञावलीच सांगत असेल, तर तो बिघाड नसून तिच्या कर्त्याचें मत आहे. व्हीएलसी हा चित्रपट दाखविणारा प्रोग्राम असेंच बजावतो, आणि चित्रपट पाहण्यास सर्वाधिकारी कशाला हवा, हें त्याचें म्हणणें खोटें नाहीं. दुसरा मार्गच नसेल, तर एक्स-होस्टनें फक्त याच यंत्रावरील रूटला, नांव घेऊन, तेवढ्या कामापुरतें आंत घ्यावें, व काम होतांच उणेंचें चिन्ह देऊन ती परवानगी परत घ्यावी. फाइलींचे सर्व अधिकार सर्वांस देऊन टाकण्याचा सल्ला मात्र कोणाचाहि असो, ऐकूं नये.

लहान मुतालिकाला शिक्का देणें हें मोठ्या दिंडीला देण्याहून चांगलें खरें. पण तो लहान आहे म्हणून निर्दोष असतोच असें नाहीं. जानेवारी २०२२ मध्यें क्वालिस या संस्थेनें पीके-एक्झेकमधील एक दोष उजेडांत आणला. आज्ञेसोबत निदान तिचें स्वतःचें नांव तरी येतेंच, असें ती आज्ञावली गृहीत धरून चालली होती. तेंहि न देतां तिला बोलाविलें असतां ती गोंधळे, आणि यंत्रावरचा कोणताहि साधा माणूस रूट होऊं शके. हा दोष २००९ च्या पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे बारा वर्षांहून अधिक काळ, लाखों यंत्रांत बसून होता. त्याच्या आदल्याच वर्षीं सुडोंतहि दहा वर्षांचा जुना असा दोष सांपडला होता. २०२४ मध्यें 'रन-शून्य' नांवाची एक नवी आज्ञा निघाली आहे, तींत रिचीची ती १९७१ पासूनची खूणच वापरलेली नाहीं. अधिकार आधींच असलेल्या कारकुनास निरोप जातो व काम तो करतो.

माझ्या पहिल्या तक्रारीचा निकाल शेवटीं फार थोडक्यांत लागला. कंट्रोल, आल्ट व एफ-तीन या कळा एकदम दाबून चित्राविना असलेल्या साध्या अक्षरांच्या पडद्यावर गेलों. तेथें चिठ्ठीची गरज नसल्यानें प्रवेश मिळाला. घरच्या लपलेल्या फाइलींची यादी मालकांसह काढली, दोन फाइलींपुढें माझ्या नांवाऐवजीं 'रूट' दिसलें, आणि त्या सुडोनेंच माझ्या नांवावर परत केल्या. दुसऱ्या तक्रारीनंतर व्यवस्थेच्या फाइली बदलण्याची माझी रीतच पालटली. सुडोंतच 'सुडो-एडिट' नांवाची एक सोय पूर्वींपासून आहे, ती मला इतकीं वर्षें ठाऊक नव्हती. ती मूळ फाइलीची एक प्रत काढून मजपुढें ठेवते. मी माझ्या नांवानें, माझ्या सुरेख खिडकींत ती हवी तशी बदलतों. खिडकी मिटली कीं सुडो ती प्रत उचलून मूळ जागीं नेऊन ठेवतो. सर्वाधिकारी पडद्यापुढें येतच नाहीं.